अग्रक्रमानं ताटकळणं

प्राधान्याला माझा तात्त्विक विरोध नाही. ज्या देशात देवाच्या दारातही व्हीआयपी पास चालतो, तिथे जहाजाच्या दारात तो का चालू नये? क्रूझ कंपन्यांनी तर ही सोय फार मन लावून केली आहे. स्वीट घेणाऱ्यांना प्राधान्य. पूर्वी येऊन गेलेल्यांना प्राधान्य, त्यातही गोल्डच्या आधी प्लॅटिनम. यांपैकी काहीच नसाल, तर चार पैसे जास्त भरून प्राधान्य. आणि या सगळ्यांच्या जोडीला म्हातारी माणसं, अपंग आणि कडेवर पोर असलेल्या बायका. म्हणजे आधी चढायची हौस असलेले आणि आधी चढायची गरज असलेले, असे सगळे एकाच दोरीच्या आत. माझ्या सगळ्या किरकोळ तक्रारी या एका दोरीपासून सुरू होतात.

बंदराचं आणि जहाजाचं नाव लिहीत नाही. दोन्हीकडची माणसं फार नम्र होती, आणि नम्र माणसांविरुद्ध लेखी तक्रार करणं बरं दिसत नाही.

बरोबर मावशी होती. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे बदललेले, जीभ मूळचीच. तिच्यासाठी व्हीलचेअर हवी, हे आधीच कळवलं होतं. त्या फॉर्मात खुर्चीची रुंदी किती, वजन किती, घडी होते का, बॅटरी कोरडी की ओली, असे बारीक प्रश्न होते. खुर्ची बंदराची मिळणार होती, तेव्हा हे सगळं खरं तर आम्ही त्यांना विचारायला हवं होतं. पण फॉर्मात तसा रकाना नव्हता.

मदतीचं टेबल इमारतीच्या आत, पार दुसऱ्या टोकाला. टॅक्सी सोडते ते फाटक आणि हे टेबल यांच्यामध्ये ऊन, सामानाच्या ट्रॉल्या आणि एक्स-रे मशीन. व्हीलचेअर मागायला जेवढं चालावं लागतं, तेवढं ज्याला चालता येतं त्याला व्हीलचेअर कशाला, असा सरळ हिशोब असावा. मावशी ते अंतर चालली. टेबलामागची मुलगी कौतुकानं म्हणाली, "अरे वा, आजी, छान चालता की तुम्ही! मग खुर्ची हवीच आहे का?"

"चालता येतं गं," मावशी म्हणाली, "चालत राहता येत नाही."

खुर्ची आली. तिला डाव्या बाजूची पाय ठेवायची पट्टी नव्हती. त्यामुळे मावशीनं उजवा पाय टेकवला आणि डावा अधांतरी धरला. गुडघ्याच्या डॉक्टरनं हाच व्यायाम सांगितला होता, ही त्यातली जमेची बाजू. खुर्ची ढकलणारा मुलगा गुणी होता, पण तो एक होता आणि खुर्च्या पुष्कळ. त्यानं मावशीला नेऊन भिंतीकडे तोंड करून लावलं, ब्रेक दाबला, "दोन मिनिटांत आलोच" म्हणाला आणि दुसरी खुर्ची आणायला गेला. भिंतीवर जहाजाच्या गच्चीवरच्या घसरगुंडीचं मोठं चित्र होतं. तो परत येईपर्यंत चित्रातल्या पोराचे दात मावशीचे मोजून झाले होते.

खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दलचे प्रश्न खुर्चीमागे उभ्या असलेल्याला विचारायचे, असा एक सर्वमान्य संकेत आहे. "यांचं नाव? यांना शुगर आहे का? यांचं ओळखपत्र?" ओळखपत्र मावशीच्या मांडीवरच्या पर्समध्ये होतं. उत्तरं ती देत होती आणि काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघून मान हलवत होता. गुडघे बदलताना कानही काढून घेतात, अशी त्याची समजूत दिसली.

मग घोषणा झाली, "प्राधान्य असलेल्या प्रवाशांनी पुढे यावं." अख्खा हॉल उठला. साध्या रांगेत एक तरुण जोडपं तेवढं उरलं. त्यांना कुणी अडवायलाच नव्हतं, म्हणून ते सावकाश चालत सगळ्यांच्या आधी जहाजावर गेले. आम्ही प्राधान्यवाले पाऊण तास प्राधान्यानं उभे होतो.

चढताना काही चमत्कारही होतात. गँगवे ओलांडला की दोन-तीन खुर्च्यांमधली माणसं उठून बुफेच्या दिशेनं झपाझपा निघतात. इथे मी जपून लिहितो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, आणि त्यातले कितीतरी वरून दिसत नाहीत. थॅलेसेमिया चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. कुणाच्या पायांकडे बघून निकाल देणं बरं नव्हे. मी फक्त वेगाची नोंद केली.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर त्याच कायद्याचं 41 वं कलम वाचण्यासारखं आहे. बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ इथे दिव्यांगांसाठी सोयी हव्यात, असं त्यात नावानिशी म्हटलं आहे. बंदराचं नाव त्या यादीत नाही. पुढच्या उपकलमात वाहतुकीची सगळी साधनं येतात आणि जहाजाला तिथे जागा मिळते. पण तिथली सोय तांत्रिकदृष्ट्या शक्य हवी, सुरक्षित हवी, परवडणारी हवी आणि रचनेत मोठा बदल न करता व्हायला हवी. या चार चाळण्यांतून जे खाली पडेल ते दिव्यांगांचं. सोयींचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर 2024 मध्ये सांगावं लागलं. युरोपीय संघात बोटीच्या प्रवाशांसाठी 2010 चा नियम आहे: 48 तास आधी कळवा, बंदरात आणि बोटीवर मदत फुकट मिळेल. आपल्याकडे एसटीनं 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट माफ केलं, पायरी मात्र होती तेवढीच उंच ठेवली. भाव तोच.

निसर्गाचीही थोडी चूक आहे. व्हीलचेअरच्या उताराचं सर्वमान्य प्रमाण 1:12, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. मुंबईच्या समुद्रात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. जहाज पाण्याबरोबर वरखाली होतं, धक्का जागचा हलत नाही. त्यामुळे सकाळी सपाट असलेल्या गँगवेचा दुपारी घाट होऊ शकतो. भरतीचं वेळापत्रक आधीच छापलेलं असतं. चढायची वेळ त्याच्याकडे बघून ठरवावी, हे फार मोठं संशोधन नाही.

जिथे धक्काच नाही, तिथली गंमत वेगळी. कोकणच्या आगबोटी चालू होत्या तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट कित्येक बंदरांत लांब पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे. क्रूझ आजही तेच करते, फक्त पडावाला आता इंजिन आणि छप्पर आहे. तेव्हा म्हातारीला खलाशी उचलून घ्यायचे. आता लाटा असल्या की खुर्चीवाल्याला जहाजावरच थांबवतात. सुरक्षेचं कारण खरं आहे, माझा वाद नाही. मात्र बेटावरच्या सहलीचा फोटो पानभर असतो आणि ही अट मुंगीच्या अक्षरांत, त्याबद्दल थोडा आहे.

जहाजावरची खुर्ची चढण्या-उतरण्यापुरतीच असते, हे चढल्यावर कळलं. मधल्या दिवसांत प्रवाशाला आपोआप पाय फुटतात. उतरायच्या आदल्या रात्री रंगीत टॅग लावलेल्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या. मावशीच्या सकाळच्या गोळ्या अर्थातच बॅगेबरोबर गेल्या. सकाळी आपलं सामान आपणच उचलणारे आधी उतरले, मग प्लॅटिनम, मग गोल्ड. मदत हवी असलेल्यांना लाउंजमध्ये बसवलं होतं. रक्तदाबाची गोळी खालच्या मजल्यावर आणि रक्तदाब वरच्या.

मागणं मोठं नाही. हौसेची रांग आणि गरजेची रांग वेगळी करा. मदतीचं टेबल टॅक्सी थांबते तिथे आणा. खुर्चीला दोन पट्ट्या असू द्या, कारण पाय दोन असतात. प्रश्न खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा. आणि प्राधान्य खुशाल विका, गोल्ड, प्लॅटिनम, हवं तर हिऱ्याचं. फक्त त्या पैशातून खुर्ची ढकलणारी आणखी चार माणसं आधी नेमा.