अहो, कालच्या मिटिंगचं ऐकलंत का? (पुणे, नोव्हेंबर २०२०)

अहो, जरा इकडे या, भिंतीजवळ. मास्क असू दे, मीही लावलाय, फक्त कान इकडे करा. काल रात्रीच्या आमच्या मिटिंगचं काही कानावर आलं का? नाही? कमाल आहे! मला वाटलं, आवाज थेट तुमच्या स्वयंपाकघरात आला असेल. तुमचं बरं आहे बाई, स्वतःचा बंगला, ना चेअरमन ना सेक्रेटरी. आमच्याकडे मात्र रविवारी मुख्यमंत्री टीव्हीवर बोलले, आता येईल ती कोरोनाची लाट नव्हे, त्सुनामी असेल की काय अशी भीती आहे म्हणाले, आणि दहा मिनिटांत आमच्या चेअरमनचा ग्रुपवर मेसेज. "अर्जंट मिटिंग. सोमवारी रात्री नऊ. स्थळ पार्किंग. प्रत्येकाने आपापली खुर्ची आणावी."

खुर्च्या दोन-दोन गजांवर मांडलेल्या. मग काय, कुणाला कुणाचं ऐकूच येईना, म्हणून सगळे ओरडून बोलायला लागले, आणि ओरडायचं म्हणून मास्क खाली. असो.

चेअरमननी सुरुवात केली ती दिल्लीपासून. तिकडे एका दिवसात साडेआठ हजार पेशंट निघाले, आयसीयूत जागा नाही, थंडी आणि तो धूर, मास्कचा दंड पाचशेवरून एकदम दोन हजार केलाय. अहमदाबादला तर शुक्रवार रात्रीपासून कर्फ्यूच. "तेव्हा सोसायटीत बाहेरगावचे पाहुणे अजिबात चालणार नाहीत," असं म्हणून त्यांनी सगळीकडे एकवार नजर फिरवली. तशी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, त्या किती गोड बोलतात तुम्हाला ठाऊकच आहे, त्या म्हणाल्या, "हो ना काका, बरोबरच आहे. पण रविवारी सकाळी तुमच्याकडे त्या दोन मोठ्या बॅगा उतरल्या, त्या कुठून आल्या हो?"

अहो, चेअरमनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! दिल्लीहून मेव्हणे आलेत त्यांचे, सहकुटुंब. सगळ्या बिल्डिंगला माहीत, फक्त बोलत कुणी नव्हतं. तर हे काय म्हणाले असतील? म्हणे, दिल्ली-गुजरात-राजस्थान-गोव्याहून येणाऱ्यांना टेस्टचा रिपोर्ट लागतो, तो नियम बुधवारपासून आहे, आमची माणसं रविवारी आली. म्हणजे व्हायरसनेसुद्धा सरकारी आदेशाची तारीख वाचून ठेवलीय! वहिनींनी सोडलं नाही. म्हणाल्या, "टेस्ट आधी साडेचार हजाराला होती तेव्हा लोकांनी केली. आता ९८० रुपयांवर आलीय. घरी माणूस बोलावलात तरी १,८००. करून टाका की." सेक्रेटरी एकदम वहीत बघायला लागले. लिहायला काही नव्हतं हो, नुसतंच बघत होते.

आणि हे तेच चेअरमन बरं का, ऑगस्टमध्ये तो सेरो सर्व्हेचा आकडा आला तेव्हा गेटवर उभे राहून सगळ्यांना सांगत होते, निम्म्या पुण्याला होऊन गेलाय, आता काळजी नाही! सर्व्हे पाच प्रभागांचा, कसबा, येरवडा, लोहियानगर असा. तिथे ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. आपल्या कोथरूडचा त्यात काय संबंध? पण यांनी सगळं पुणं त्यात बसवलं, वर आपली सोसायटी.

तर काय सांगत होते... हां, मग सगळ्यांनाच कंठ फुटला. ए विंगच्या आजी म्हणाल्या, बार ५ ऑक्टोबरला उघडले आणि माझा देव दिवाळीच्या पाडव्यापर्यंत कुलपात, हा कुठला न्याय? राज्यपालांनी देवळं उघडण्यासाठी पत्र लिहिलं तेव्हा आजींनी कात्रण काढून फ्रीजवर लावलं होतं. लगेच त्यांचाच नातू म्हणाला, आजी, पाडव्याला देवळं उघडली आणि तू पहिल्याच दिवशी रांगेत होतीस, बीपीची गोळी विसरून. कुणीतरी लक्ष्मी रोडच्या गर्दीचा विषय काढला. दिवाळीआधीचा तो फोटो पाहिलात ना, तुळशीबागेच्या तोंडाशी मुंगी शिरायला जागा नाही? सगळ्यांनी "लोकांना अक्कलच नाही" म्हणून माना हलवल्या. मी गप्प बसले. वहिनींची ती मोरपंखी पैठणी काही कुरिअरने आलेली नाही, एवढंच म्हणते. आमचे हे म्हणाले, गर्दीचं काय घेऊन बसलात, १ तारखेला पदवीधर मतदारसंघाचं मतदान आहे, मेळाव्यांना जाऊन बघा मास्क किती जणांच्या नाकावर आहेत ते. शाळा १३ डिसेंबरपर्यंत बंद, मेळावे चालू. यावर मात्र कुणीच वाद घातला नाही. वर्षभरात पहिल्यांदा सगळ्या सोसायटीचं एकमत झालं.

एवढ्यात सी विंगचे अण्णा उठले.

अण्णा बोलत नाहीत हो फारसं. सप्टेंबरात त्यांच्या मिसेस गेल्या ना... तुम्ही भेटायला जाऊ शकला नाहीत, आम्ही खालच्या खाली राहून नुसतं खिडकीकडे बघितलं. सप्टेंबर म्हणजे आठवतंय ना, राज्यात तीन लाखांवर ॲक्टिव्ह पेशंट, पुणे जिल्ह्याने मुंबईला मागे टाकलेलं, आणि तेही कशात तर यात! रात्री अकराला अण्णांच्या मिसेसना धाप लागली, ऑक्सिमीटर ८४ दाखवतोय. मुलगा संगणकावर तो बेडचा डॅशबोर्ड उघडून बसला. डॅशबोर्डवर बेड आहेत. हिरवे हिरवे आकडे, ऑक्सिजनचे एवढे, व्हेंटिलेटरचे एवढे. आणि फोन लावला की, "नाही हो, भरला तो." दुसरीकडे, "आहे, पण ऑक्सिजनचा नाही." तिसरीकडे, "आधी रिपोर्ट पाठवा, मग बघू." पहाटे चारला एका ठिकाणी जागा मिळाली, ती ओळखीने. कुणाच्या ओळखीने ते अण्णांनी आजवर सांगितलेलं नाही, पण आमच्या सेक्रेटरींचे साडू नगरसेवकाकडे असतात, आणि अण्णांनी यंदा दिवाळीचा पहिला फराळ कुणाकडे पाठवला ते मी पाहिलंय. जाऊ दे.

तेव्हा तर सीओईपीच्या ग्राउंडवर ते जम्बो कोविड हॉस्पिटल नुकतंच झालं होतं. आठशे बेड! केवढं कौतुक झालं. आणि आठवड्या-दहा दिवसांत तो टीव्हीवरचा पत्रकार तिथे गेला, पांडुरंग रायकर. दुसऱ्यांच्या बातम्या देणारा तरुण मुलगा, त्याला हलवायला वेळेवर कार्डिॲक अँब्युलन्स मिळाली नाही. त्या दिवशी अण्णांच्या मुलाने जम्बोचं नाव टाकलं. मांडव घालून पलंग मांडले म्हणजे हॉस्पिटल होत नाही, त्याला डॉक्टर लागतात, नर्स लागतात, असं तो म्हणाला. लहान मुलालाही कळणारी गोष्ट, पण सांगायला माणूस मरावा लागला.

आणि मग बिल. सरकारने दर ठरवून दिलेत हो मे महिन्यातच, साधा वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर ९,०००, दिवसाचे. शंभरातले ऐंशी बेड त्या दराने. तर अण्णांना सांगितलं, तुम्ही उरलेल्या वीसमधले! कोण ऐंशीतला आणि कोण वीसमधला, हे पेशंटला दारात कोण सांगतं? वर पीपीई किटचे पैसे वेगळे. अण्णा काल म्हणाले, "दिवसाला जेवढ्या किटचे पैसे मी भरले, तेवढी माणसं तिच्याजवळ आली असती, तर ती..." पुढे बोललेच नाहीत. खाली बसले. एकालाही कुठे बघावं ते कळेना. आजींनी पदर डोळ्याला लावला. चेअरमननी घसा खाकरला, आणि परत मास्क वर घेतला.

त्यावर आमच्या ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझे कुटुंब, माझी जबाबदारी, हे आम्हाला पाठ झालं. सरकारचं कुटुंब कोण, तेही एकदा सांगा म्हणावं." कुणीतरी हसलं, पण ते हसू काही खरं नव्हतं.

आता मूळ गोष्ट सांगते. त्यासाठीच तर तुम्हाला हाक मारली.

वातावरण फार जड झालं म्हणून चेअरमननी विषय बदलला. म्हणाले, आपल्या सोसायटीत एक कोविड योद्धा आहे, तिचा सत्कार करायचा ठरवलंय. शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं फूल. कोण? अहो, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते ना ती लातूरकडची पोर, नर्स! तीच. आणि आता एप्रिल आठवा. २२ मार्चला डॉक्टर-नर्सच्या कौतुकासाठी म्हणून चेअरमन गच्चीवर जाऊन परात बडवत होते, पोचा पडला त्या परातीला, त्यांच्या मिसेसनी मला स्वतः दाखवली. ५ एप्रिलला दिवे लावून झाले. आणि त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये कागद चिकटवला, "हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांनी जिन्याचा वापर करावा." असं अनेकवचनी लिहिलेलं! अख्ख्या बिल्डिंगमध्ये हॉस्पिटलात काम करणारी ती एकटी. बारा तास ते किट घालून उभी राहून यायची आणि तीन जिने चढायची. घरमालकाला फोन गेले ते वेगळेच. त्याने मात्र काढलं नाही हो तिला, भला माणूस, दुबईत असतो.

तर तिला बोलावलं. ती आली, केस ओले, नुकतीच न्हाल्यासारखी. चेअरमननी भाषण केलं, "तुमच्यासारख्या देवदूतांमुळे" वगैरे. कोषाध्यक्ष शाल घेऊन पुढे झाले. आणि ती काय म्हणाली माहितीये? अगदी शांतपणे. म्हणाली, "काका, शाल राहू द्या. माझी ऑर्डर तीन महिन्यांची होती, ती दिवाळीत संपली. पेशंट कमी झाले, आता गरज नाही म्हणाले. लागलं तर फोन करू. आणि आधीच्या दोन महिन्यांचा पगार अजून यायचाय."

पार्किंगमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आत्ताच तर आम्ही तासभर घसा फोडत होतो ना, थंडीत लाट येणार, बेड कुठून आणायचे, सरकार काय करतंय? आणि हिला दिवाळीतच घरी बसवलंय! पलंग आहेत, तिकडे गोडाऊनमध्ये रचून ठेवले असतील, पण त्यांच्याजवळ उभं राहणारी ही इथे आमच्या पार्किंगमध्ये. वहिनींनी विचारलं, "तुझ्या एकटीचंच असं झालं का गं?" ती म्हणाली, "आमची सगळी बॅच. काही जणी गावी गेल्या. एक मेसमध्ये पोळ्या लाटते." परत बोलावलं तर जाशील का, असं अण्णांनी विचारलं. अण्णांनी, बरं का. ती जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पगाराचं लेखी दिलं तर. यावेळी उधारीवर नाही, आजोबा."

अण्णा हसले हो! सप्टेंबरनंतर पहिल्यांदा पाहिलं मी त्यांना हसताना.

चेअरमनचा चेहरा? तो काय सांगू. नारळ हातातच राहिला. मग म्हणाले, "ठीक आहे, मग आपण प्रशासनाला एक निवेदन देऊ." सेक्रेटरी लगेच वही उघडून, "निवेदनात काय लिहायचं?" वहिनी म्हणाल्या, "पहिली ओळ लिहा, लिफ्टमधला कागद काढण्यात आला आहे." कारण तो तोवर तिथेच होता ना! कोपरा फाटला होता फक्त.

काल रात्रीच काढला म्हणतात कुणीतरी. कुणी ते माहीत नाही. माझ्याकडे असं बघू नका.

बरं, आता घोळ असा झालाय की शाल लक्ष्मी रोडवरून आणलेली, साडेसहाशेची, आणि दुकानदार सेलचा माल परत घेत नाही. कोषाध्यक्ष म्हणतात खर्च सोसायटीच्या खात्यात टाकणार, वहिनी म्हणतात चेअरमननी खिशातून भरावे, आजी म्हणतात मला द्या, थंडी पडायला लागलीय. आणि दिल्लीचे मेव्हणे सकाळपासून खोकतायत, भिंतीला कान लावून ऐकलंय मी. रात्री नऊला परत मिटिंग आहे. खिडकी उघडी ठेवा.