घाटात सत्तर, खड्ड्यात एकशे वीस

नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञांची एक पंचाईत आहे. 'सायकलबियकल आता बंद' असं पेशंटला ठणकावून सांगायची सोय या गावात उरलेली नाही, कारण गावाला सायकलचा नाद लावला तोच डॉक्टरांनी. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत संपवली. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. एकाचा पेशाच माणसाला झोपवण्याचा, पण दोघांनी मिळून अख्ख्या गावाची पहाटेची झोप उडवली. २०१७मध्ये तेव्हा नाशकात असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. मग काय! गंगापूर रोडवर पहाटे दूधवाल्यापेक्षा सायकलवाले जास्त दिसू लागले.

आप्पा त्यातलेच. म्हणजे आप्पा हे एकच गृहस्थ नव्हेत. कुणी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले असतात, कुणी ओझरच्या एचएएलमधून. पण सायकलवाल्यांच्या दर गटात एक आप्पा असतातच. सायकलची किंमत ते घरी निम्मी सांगतात आणि गटात दीडपट. मनगटावरचं घड्याळ वेळ सोडून बाकी सगळं दाखवतं.

त्या घड्याळानेच घात केला. बसल्या जागी ठोके अडतीस! काळजी वाटायची सोडून आप्पांची छाती फुगली. "मोठमोठ्या खेळाडूंचे असेच असतात," असं ते मिसळीच्या टेबलावर, तर्री वाढून घेत सांगायचे. पुढे जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तेव्हा त्यांनी दोष चष्म्याला दिला. शेवटी काकूंनी धरून नेलं. डॉक्टर म्हणाले, "काका, खेळाडूचे ठोके बसल्यावर कमी असतात, पण पळाला की वाढतात. तुमचे वाढतच नाहीयेत." हृदयात ठोका सुरू करून देणारी जी गाठ असते, तीच आळसावली होती. आप्पांना पेसमेकरचं दुःख फारसं झालं नाही. 'खेळाडू' ही पदवी गेली याचं मात्र फार झालं.

डाव्या कॉलरबोनखाली यंत्र बसलं. डॉक्टरांनी बजावलं, तारा नीट रुतेपर्यंत सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आप्पांनी जरा विचार केला. "हँडल तर खांद्याच्या खालीच असतं, डॉक्टर." डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी सायकलच्या कुलपाची किल्ली आधीच पर्समध्ये टाकली होती.

त्या सहा आठवड्यांत आप्पांना एक दैवत सापडलं. स्वीडनचे आर्ने लार्सन. शरीरात पेसमेकर बसवलेला जगातला पहिला माणूस, ८ ऑक्टोबर १९५८. ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे आयुष्यभरात मिळून त्यांना सव्वीस पेसमेकर लागले आणि ते शहाऐंशी वर्षं जगले! आप्पा ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "सव्वीस! माझं तर हे पहिलंच." "ट्यूब आहे का ती, बदलत बसायला?" काकू आतून म्हणत.

खरी गंमत सायकल परत हातात आल्यावर सुरू झाली. कसारा घाट चढताना आप्पांचा पार दम निघाला आणि घड्याळात ठोके सत्तर. घरी येताना, सिंहस्थाच्या कामांसाठी खणून ठेवलेल्या रस्त्यावरून सायकल हळूच ढकलली, तर ठोके एकशे वीस! म्हणजे श्रम घाटात आणि धडधड खड्ड्यात.

यंत्राची यात चूक नव्हती. माणूस हलला की त्याला जास्त ठोके लागणार, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. ती हालचाल ओळखायला आत एक बारीक संवेदक असतो. चालताना छाती हलते, ते त्याला कळतं. सायकलवर मात्र पाय जिवाच्या आकांताने फिरतात आणि छाती हँडलवर रेलून गप्प. यंत्राला वाटतं, साहेब पेपर वाचत बसलेत. खड्ड्यात गचके बसले की त्याला वाटतं, साहेब पळत सुटले. दवाखान्यातल्या ट्रेडमिलवर तर आप्पा चालत होते, त्यामुळे तिथला अहवाल अगदी झकास आला होता.

यावर डॉक्टरांकडे जाणं हा सरळ मार्ग. आप्पांनी अर्थातच तो शेवटी ठेवला. आधी त्यांनी यंत्राला फसवायचं ठरवलं. पुढच्या रविवारी घाट लागताच ते खांदे उडवायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा, विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचल्यासारखे. नाशिक ढोल तेवढा कमी होता. ती उणीव मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर भरून काढली. ठोके वाढले, आप्पा चढले. मागच्या पोरांनी पाहिलं, पासष्टीचा माणूस आपल्याला मागे टाकून जातोय. महिनाभरात कॉलेज रोडची निम्मी पोरं घाटात खांदे उडवत चढू लागली. एकाने तर हे युरोपियन तंत्र आहे असं मला समजावून सांगितलं. आप्पांनी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही.

तोटा एकच. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून हातवारे करत बोलायला लागले की यंत्र तेही घाटातच धरायचं. "अहो, हात खाली," काकू घड्याळ बघून म्हणायच्या, "पाण्याचा विषय यायचाय अजून."

शेवटी आप्पा तीन महिन्यांचे आलेख छापून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर चक्कर येते का विचारत होते, आप्पा आलेखातला चढ दाखवत होते. काही यंत्रांत श्वासावरून श्रम ओळखायचीही सोय असते. आप्पांच्या यंत्रात ती होती, फक्त बंद ठेवलेली होती. डॉक्टरांनी छातीवर एक चकती धरली, संगणकावर चार बटणं दाबली आणि सायकलवरच बसवून पुन्हा चाचणी घेतली. खांदे जागेवर, ठोके एकशे पंधरा. आप्पा जरासे हिरमुसलेच. शास्त्र जिंकलं, कला गेली.

काकूंचा होकार मिळाल्यावर (अट एकच, त्या गाडीने मागोमाग येणार) आप्पांनी दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, नाव दिलं. वेळ साडेतेरा तास, हा नियम जगभर सारखा. पहाटे सायकलींची तपासणी चालू होती. टेबलावरच्या पोराने पुढचा दिवा पाहिला, मागचा लाल दिवा पाहिला, चमकतं जाकीट पाहिलं. आप्पांनी जर्सीची चेन खाली ओढून डाव्या खांद्याखालचा उंचवटा दाखवला. "हेही लिहून घे. बॅटरीवर चालतं."

पोराने मान वर न करता विचारलं, "स्पेअर आणलीय?"