धक्का अडवा, धक्का जिरवा

आमच्या आत्याबाई ऐंशीच्या घरात आहेत. महाशिवरात्रीला वैजनाथाचं दर्शन घडवावं म्हणून मी त्यांना गाडीत घालून सोनपेठहून परळीला निघालो. गाडी सेकंडहँड, पण माझ्या मते मऊ. त्या मऊपणाचा मला अभिमानच होता. गाव मागं पडून दहा मिनिटं झाली नसतील, तोच मागच्या सीटवरून आवाज आला, "थांबीव रे. गाडी हाय का पाळणा?"

रस्त्यात खड्डा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. डांबर नवं होतं. तरी कुठं जरा उंचवटा आला की गाडी वर जायची, खाली यायची, पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्या डोलीनंतर आत्याबाईंनी लिंबाची फोड नाकाशी धरली आणि निकाल दिला, "याच्यापरीस आमची बैलगाडी बरी होती."

हा निकाल मला झोंबला. बैलगाडीला काय असतं? लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मधे आख. ना स्प्रिंग, ना रबर. दगड चाकाखाली आला की थेट माणसाच्या माकडहाडाला कळवतो. पण आत्याबाई सांगत होत्या त्यात मुद्दा होता. त्यांच्या लहानपणी जत्रेला जाताना साट्यात हातभर कडबा पसरायचे, त्यावर दोन गोधड्या. कडबा दबायचा आणि दबलेलाच राहायचा, उलटून माणसाला वर फेकायचा नाही. अडचण एवढीच, की परळीच्या मुक्कामात बैल निम्मं सस्पेन्शन खाऊन टाकायचे. परतीचा प्रवास त्यामुळं खडतर.

परत आल्यावर गाडी मिस्त्रीकडं नेली. मी आवाजाचं, डोलण्याचं, आत्याबाईंचं सविस्तर वर्णन सुरू केलं. तो ऐकत नव्हता. त्यानं बोनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, अंगाचा भार टाकून गाडी दाबली आणि एकदम सोडून दिली. गाडी नंदीबैलासारखी मान हलवत राहिली.

"काका, शॉकअप गेलेत."

"पण धक्का तर लागत नाही. उलट मऊ आहे."

"तेच तर. धक्का स्प्रिंग झेलते, शॉकअप जिरवतो. तुमची गाडी झेलायलीय, जिरवत कोणी न्हाई."

या एका वाक्यासाठी मी त्याचं बिल घासाघीस न करता दिलं. कारण शॉक ॲब्सॉर्बर हे नावच मुळात फसवं आहे. खड्ड्याचा पहिला दणका टायरमधली हवा खाते, उरलेला स्प्रिंग दबून अंगावर घेते. पण स्प्रिंगचा स्वभाव असा, की घेतलेलं काहीच स्वतःजवळ ठेवायचं नाही. जेवढं दाबाल तेवढं परत. हे रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं 1678 साली छापून ठेवलं आहे: भार दुप्पट, तर वाक दुप्पट. स्प्रिंगनं परत दिलेली ही उसळी कोणीतरी खायला हवी. ते काम शॉकअपचं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. गाडी उसळली की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं, आणि घाईनं तर ते जात नाही. उसळीचा जोर तिथं जिरतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून लांबचं अंतर तोडून आल्यावर शॉकअपला हात लावलात तर कोमट, कधी चांगला गरम लागतो. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपल्या बांधाबांधावर सांगून झालं. गाडीखाली तेच काम दोन जण वाटून घेतात. अडवणारी स्प्रिंग दिसते, तिचं कौतुक होतं. जिरवणारा मातीसारखा गप.

मातीवरून आठवलं. आमच्याकडं डांबराखाली काळी कापसाची जमीन आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. वरचा रस्ता मग खड्डा न पडताही लाटा धरतो. मोटारीचं धूड स्प्रिंगवर सोडलं तर सेकंदाला साधारण एक-सव्वा वेळा वरखाली होतं. ताशी 60 च्या वेगानं सेकंदाला 16-17 मीटर अंतर कापलं जातं. म्हणजे चौदा-पंधरा मीटरवर एक लाट असली, की रस्ता झोका द्यायला लागतो आणि गाडी झोका घ्यायला. शॉकअप धड असेल तर झोका पहिल्या फेरीतच मरतो. नसेल तर आत्याबाईंना लिंबू लागतं.

आता काळ्यापिवळ्या जीपवाल्याची माफी मागायला हवी. कमांडर जीप सुटायच्या आधी तो म्हणायचा, "अजून चार शिटा भरू द्या, मग बघा गाडी कशी बसून चालती." आम्ही त्याला लोभी म्हणायचो. तो लोभी होताच, पण खोटारडा नव्हता. त्या जीपला पुढंमागं कमानपाटे. पाटे भार वाहायला घडवलेले, म्हणून ताठ. रिकामी जीप त्यांच्यावर टणाटणा उडते. सोळा माणसं कोंबली की पाटे वाकतात, गाडी संथ होते. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, तेवढा धक्का घासण्यातही जिरतो. आराम होता तो असा. मांडीवर दुसऱ्याची मांडी होती ही वेगळी बाब.

फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीच्या पिएर बुलांजे यांनी आपल्या इंजिनिअरांना सांगितलं होतं, की नांगरटीतून टोपलीभर अंडी एकही न फुटता नेईल अशी शेतकऱ्याची गाडी करा. ती 1948 च्या ऑक्टोबरात पॅरिसला दाखवली गेली. आपण निजामाच्या राज्यातून त्याच्या आदल्याच महिन्यात सुटलो होतो, त्यामुळं अंड्यांकडं लक्ष गेलं नसावं. पण ती गाडी इतकी मऊ, की वळणावर पडते की काय इतकी कलायची. मऊपणाचं हेच दुखणं. वळताना भार बाहेरच्या चाकांवर जातो. स्प्रिंग फार मऊ असेल तर गाडी लवंडल्यागत होते आणि ताठ केली तर पाठ मोडते. कंपन्या या दोन्हींच्या मधे कुठंतरी तडजोड करतात.

ही तडजोड मोडायला घराघरात एक भाचा असतो. आमच्यानं स्प्रिंगला स्पेसर घालून गाडी दोन इंच उचलली आणि मोठ्या रिमवर भाकरीएवढे पातळ टायर चढवले. उंची वाढल्यानं गाडी वळणावर आणखी कलायला लागली, आणि हवेची गादी गेल्यानं बारीक खडीही दातांना कळायला लागली. "हँडलिंग सुधारलं मामा," तो म्हणाला. उसाच्या ट्रॉलीमागं राहून त्यानं हे सिद्ध करायचं ठरवलं तेव्हा मी उतरून घेतलं. ती ट्रॉली स्वतःच गाडीच्या उंचीचा अर्थ वळणावळणावर समजावून सांगत होती.

शॉकअप बदलून झाल्यावर आत्याबाईंना पुन्हा परळीला नेलं. लिंबू पर्समध्येच राहिलं. "आता बरी हाय," एवढंच म्हणाल्या आणि झोपल्या.

तुमचीही गाडी उन्हात उभी असेल. बोनेटचा कोपरा दाबून सोडून बघा. एकदा वर येऊन बसली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर मिस्त्री गाठा, आणि शॉकअप जोडीनंच बदला. एका बाजूला नवा, एका बाजूला जुना चालत नाही.