जास्तीचं

माझा मेव्हणा इंदापूर तालुक्यातला, डाळिंबवाला. त्यानं खोललेलं यंत्र पुन्हा चालू होतं, हे मी शपथेवर सांगेन. फक्त दर वेळी काहीतरी उरतं. टेबलफॅनमधून वॉशर, मिक्सरमधून दोन स्क्रू, फवारणीच्या पंपातून एक पितळी टिकली. सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "कंपनीवाले जास्तीचं घालत्यात, दाजी."

अशी माणसं गावोगाव आहेत, पण आमच्याकडच्यांना अंमळ जोर असतो. ॲपे रिक्षा बारामतीच्या एमआयडीसीत बनते, 2012 पासून व्हेस्पाही तिथंच. मेव्हण्यानं त्या कारखान्याचं फाटक आतून कधी पाहिलेलं नाही. बारामतीला जाताना बाहेरून दिसतं, तेवढं शिक्षण त्याला पुरलं.

दिवाळीला मी माझी नायट्रो कार घेऊन गेलो. रिमोटवर पळणारी, पण बॅटरीवरची नव्हे, खऱ्या इंजिनाची. (चाळिशीत मी ती का घेतली, हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे.) दुखणं एवढंच, की जागेवर बरी गुरगुरायची आणि गॅस दिला की खोकून बंद पडायची.

"पेट्रोल कुठलं घालता?"

मी म्हटलं, पेट्रोल नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल.

"मग साखर कारखान्यावरनं आणू की!"

"कारखान्यात इथेनॉल होतं. हे मिथेनॉल."

"एका अक्षरासाठी कुठं अडता, दाजी?"

मग त्यानं टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात एरंडेल हाय!" होतंच. लहानपणी आजीनं त्याला दर रविवारी पाजलेलं, त्यामुळे या निदानावर कुणी शंका घेऊ शकलं नाही.

आता खरं सांगायचं तर पुढची दहा मिनिटं मी थक्क होऊन बघत होतो. ग्लो प्लग काढून त्यानं उजेडात धरला, तार शाबूत. एअर फिल्टर फुंकला, स्वच्छ. मी दोन आठवडे कार्बोरेटरच्या सुया पाव-पाव फेरा पिळत बसलो होतो, त्यांना त्यानं हातही लावला नाही. सायलेन्सरपासून टाकीपर्यंत एक बारीक नळी जाते. धुराचा दाब टाकीत गेला, तरच गॅस दिल्यावर इंधन इंजिनाकडं नीट ढकललं जातं. त्यानं नळीवरून बोट फिरवलं, टोकाशी थांबला. चीर! ठिबकच्या नळ्या जोडण्यात उमर गेलेली. ब्लेडनं टोक उडवलं, थुंकी लावून परत बसवलं. गाडी अशी किंचाळली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

इथं थांबायला हवं होतं. पण दुरुस्त झालेली वस्तू तशीच परत देणं त्याच्या रक्तात नाही. "आता खोललीच हाय तर कार्बोरेटर धुऊन घेऊ." धुतला, जोडला, आणि वर्तमानपत्रावर एक नखाएवढी स्प्रिंग उरली.

"ही?"

"जास्तीची."

ती जास्तीची नव्हती. गॅस उघडायचं-मिटायचं काम सर्व्हो मोटर करते. गाडीतले सेल मेले की सर्व्हो आहे तिथंच राहतो, तेव्हा गॅस ओढून मिटवायला ही स्प्रिंग असते. हे मला ठाऊक होतं. पण बायकोच्या भावाला, दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी सांगायचं कोणी? शिवाय गाडीतले पेन्सिल सेल घरच्या भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले होते, आणि ते मीच काढले होते.

बांधाच्या रस्त्यावर पहिला फेरा झकास झाला. दुसऱ्याला मेव्हण्यानं गॅस पूर्ण दाबला, मग सोडला. गाडीनं काही सोडलं नाही. बांध ओलांडून ती शेजारच्या उसात शिरली; बराच वेळ आतून कर्ण्यात डास अडकल्यासारखा आवाज येत राहिला, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मग इंधन संपलं.

उसाला आदल्याच दिवशी पाणी दिलेलं, पोटरीएवढा चिखल. त्यात परिसरात बिबट्याची बोलवा. मेव्हण्यानं डोळ्यांवर हात धरून फडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "जातीय कुठं? तोडीला सापडंल."

स्प्रिंग डब्यात सुखरूप आहे. ऊस आडसाली आहे. लागण यंदाच्याच जुलैची.