चुकाऱ्याचे पैसे आणि पहिला कॅमेरा

"काकाजी, यातला कोनता घेऊ जी?"

फुलचूर नाक्यावर चहा घेत होतो, तेव्हा मोहल्ल्यातल्या एका पोरानं मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर कॅननचे दोन डीएसएलआर होते, १५००डी आणि ३०००डी. धानाचा चुकारा खात्यात जमा झालाय, बाबांनी होकार दिलाय, पोराला लग्नसराईच्या आत कॅमेरा हवाय. आधी गोंदियात कुणाच्या तरी हाताखाली काम करायचं, मग स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्या. दोन्हीतल्या महागाची किंमत लेन्ससकट पंचेचाळीस हजारांच्या घरात. बॅग आणि कार्ड फुकट.

२०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे तो कॅमेरा एकोणीस क्विंटल धानाचा. आमच्याकडे एकरभर बांधीत तेवढं निघेलच असं नाही. रोवणी, निंदण, कापणी, चुरणी, खरेदी केंद्रावरची रांग, मग चुकारा कधी येतो याची वाट. हे सगळं त्या एका खोक्यात जाणार होतं. मी त्याला म्हटलं, बस इथं. आज यातला एकही घ्यायचा नाही.

त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण दर लग्नसराईआधी असा एक तरी पोरगा भेटतो. पहिल्या कॅमेऱ्याचे पैसे बॉडीत घालू नका. बॉडी जुनी घ्या. पैसे काचेत, म्हणजे लेन्समध्ये, घाला आणि उजेडात घाला.

त्याचा पहिला प्रश्न होता मेगापिक्सलचा. दुकानात पाटी त्याचीच असते, म्हणून पोरंही तेच विचारतात. हिशोब सोपा आहे. लग्नाचा अल्बम बहुधा १२ बाय ३६ इंचांचा, म्हणजे उघडल्यावर एक बाजू १८ इंच रुंद. १८ मेगापिक्सलचा जुना कॅनन ५१८४ ठिपके रुंद फोटो देतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर सव्वासतरा इंच छापून होतात. अल्बमची एक बाजू जवळजवळ भरली. २४ मेगापिक्सलमध्ये वीस इंच होतात. या दोन आकड्यांतला फरक गोंदियातल्या कुठल्याही नवरीच्या आईला दिसणार नाही. तिला दिसतं ते पोरीच्या चेहऱ्यावर उजेड आहे का, डोळे स्वच्छ आलेत का. दहा-बारा वर्षांपूर्वीचा १८ मेगापिक्सलचा कॅमेरा आजही पोट भरून देतो. आकड्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

आता त्या दोन कॅमेऱ्यांबद्दल. ३०००डीला लेन्स अडकवायचं कडं, म्हणजे माऊंट, प्लास्टिकचं आहे. शिकणारा माणूस दिवसातून दहादा लेन्स काढणार, घालणार. तिथं धातूच हवा.

पण खरा घोळ कॅमेऱ्याच्या डोक्यावर आहे. फ्लॅश सरकवून बसवायची जी खाच असते, हॉट शू म्हणतात ती, तिच्या मधोमध टिकलीएवढा एक गोल ठिपका असतो. सेंटर पिन. कुठल्याही कंपनीचा साधा फ्लॅश घ्या, स्वस्तातला ट्रिगर घ्या, स्टुडिओतल्या छत्रीचा दिवा घ्या, हे सगळं वर्षानुवर्षं याच एका ठिपक्याच्या इशाऱ्यावर पेटत आलंय. १५००डीमध्ये हा ठिपका नाही. ३०००डीमध्ये नाही. त्यांच्यापेक्षा महाग असलेल्या २००डी मार्क टूमध्येही नाही. बोटानं चाचपून बघा, मध्ये सपाट जागा लागते. फ्लॅश खाचेत नीट बसतो, त्याचा दिवा लागतो, बटण दाबलं की मात्र तो पेटत नाही. कॅननचे स्वतःचे फ्लॅश चालतात, आणि या कॅमेऱ्यांसाठी मुद्दाम बदलून काढलेले बाकीचे काही. हाताखाली काम करणाऱ्या पोराकडे जो जुना, मागून आणलेला, दीड-दोन हजारांचा फ्लॅश असतो, तो नाही चालत. आधीच्या १३००डीमध्ये ही पिन होती. नवशिक्यासाठी म्हणून विकायच्या कॅमेऱ्यातून नवशिक्याच्याच कामाची वस्तू काढून घेतली, याचा मला आजही राग आहे. आणि विकणारा ही गोष्ट आपणहून सांगतो, असं मी अजून पाहिलेलं नाही.

निकॉनकडे वळलात तर तिथली गोम वेगळी. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. नावात नुसतं एएफ असलेली जुनी लेन्स लावली की फोकस हातानं फिरवावा लागतो. एएफ-एस किंवा एएफ-पी अशी अक्षरं हवीत. त्यातही एएफ-पी लेन्स फार जुन्या बॉडीवर धड चालत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी ५० मि.मी. उचलून आणणारे इथंच फसतात. लग्नात हातानं फोकस करत बसलात तर तेवढ्यात वरमाला पडून गेलेली असते.

बॉडी जुनी घ्या म्हणतो त्याला कारण आहे. कॅनन आणि निकॉन दोघांनी २०१८ मध्ये बिनआरशाच्या, मिररलेस कॅमेऱ्यांची नवी घराणी सुरू केली. २०२० नंतर दोघांनीही एकसुद्धा नवा डीएसएलआर काढलेला नाही. शहरातले कमावते फोटोग्राफर जुनं विकून तिकडे गेले. नागपूर, रायपूरकडून चांगल्या चांगल्या बॉड्या निम्म्या किमतीत आणि त्याहून कमीत फिरू लागल्या. कॅननचा ७००डी, निकॉनचा डी५३००, दोघेही २०१३ चे. दोघांचा पडदा बाहेर वळतो, दोघांना माइक जोडता येतो. नव्या १५००डीला माइकची जागाच नाही, आणि आज लग्नाच्या ऑर्डरीत व्हिडिओ मागत नाही असं घर दाखवा. आरशाचं तंत्र मागे पडलं म्हणून आरशातून येणारं चित्र बिघडलं नाही. छिद्र (अपर्चर), शटरचा वेग, आयएसओ जसे काल शिकायचे तसेच आजही शिकायचे.

उजेडाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे तिथं घालायचेत. किटमधली १८-५५ लेन्स पुढे ओढली की एफ ५.६ वर येते. ५० मि.मी.ची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. या दोहोंत जवळजवळ दहापट उजेडाचा फरक आहे. दहापट! हळदीच्या संध्याकाळी अंगणात एक पिवळा बल्ब टांगलेला असतो. नवरीची आजी पाटाजवळ बसलेली असते, हळदीची बोटं गालाला लागत असतात. किट लेन्सनं तो क्षण हलतो, नाहीतर फ्लॅश मारून पांढराफटक होतो. उघड्या लेन्सनं बल्बचा तोच पिवळा उजेड गालावर राहतो, सुरकुतीन् सुरकुती राहते. कॅननची ५० मि.मी. एसटीएम लेन्स २०१५ पासून मिळतेय, नवी घेतली तरी दहा हजारांच्या आसपास. एक सांभाळा. या छोट्या सेन्सरवर ५० मि.मी. जरा लांबून बघते, ८० मि.मी.सारखी. मांडवात चालते, पण आपल्याकडच्या घरातल्या खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते. घरातलंच काम जास्त असेल तर ३५ मि.मी. बघा. निकॉनची एफ १.८ वाली ३५ मि.मी. एएफ-एस लेन्स या बॉड्यांसाठीच केलेली आहे.

जुना माल बघताना लाजायचं नाही. निकॉन असेल तर एक फोटो काढा, तो जसाच्या तसा घ्या. आतापर्यंत किती क्लिक झाले ते त्या फोटोच्या आतच लिहिलेलं असतं, वाचून दाखवणाऱ्या सोयी फुकट मिळतात. कॅननच्या फोटोत ते नसतं, तिथं बॉडीची झीज बघावी लागते. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशोबानं धरतात. एका लग्नात दोन हजार क्लिक सहज होतात. म्हणजे पन्नास लग्नं. विकणारा "घरगुती वापर" म्हणाला आणि पकडीचं रबर गुळगुळीत झालेलं असलं, तर काय ते समजून घ्या. छिद्र एफ २२ वर नेऊन मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी लगेच दिसते.

आणि लेन्समध्ये टॉर्च मारा. हे मी कळकळीनं सांगतो, कारण माझी एक लेन्स मी अशीच घालवली आहे. सबंध पावसाळा ती बॅगेसकट लोखंडी कपाटात बंद राहिली. दिवाळीला काढली तेव्हा फोटो धुरकट येऊ लागले. मागच्या बाजूनं मोबाइलचा उजेड टाकला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू पसरलेले. बुरशी. दुरुस्तीवाल्यानं काच उघडली, पुसली, पण तंतूंनी काचेवरचा लेप खाल्ला होता. डाग राहिले ते राहिलेच. आमचा मुलूख धानाचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चहूबाजूंनी बांध्यांत पाणी उभं, मामा (माजी मालगुजारी) तलाव भरलेले, भिंतींना ओल. बुरशीला याहून वेगळं काय लागतं? घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. शे-दीडशे रुपयांचं काम आहे. तांदळात ठेवा असा सल्ला इथं हमखास मिळतो. ठेवू नका, तांदळाची भुकटी कॅमेऱ्याच्या फटीफटीत जाते. राईस मिलच्या आसपास कोंडा उडत असताना लेन्स बदलू नका, हेही त्यातच आलं.

पोरगा म्हणाला, लग्नं नसतील तेव्हा सारसांचे फोटो काढीन. ऐकून बरं वाटलं. महाराष्ट्रात सारस जवळजवळ आपल्याच गोंदिया जिल्ह्यात उरलाय, परसवाड्याच्या तलावाकडे आणि आजूबाजूच्या बांध्यांत. माणसाच्या उंचीचा पक्षी. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीतच घरटं करतो, आणि शेतकरी तेवढा तुकडा सोडून रोवणी करतात. त्यासाठी ३०० मि.मी.पर्यंत जाणारी लेन्स लागते. निकॉनची या बॉड्यांसाठीची एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारांत मिळते, दिसायला सारखीच. एकीच्या नावाच्या शेवटी व्हीआर आहे, दुसरीच्या नाही. व्हीआर नसलेली लेन्स पूर्ण ओढली की हाताची थरथर फोटोत उतरते. स्वस्त असली तरी घेऊ नका. थरथर थोपवणाऱ्या याच सोयीला कॅनन आयएस म्हणतं, तिथं ५५-२५० आयएस बघा. ७५-३०० ची तीन नंबरची आवृत्ती टाळा, तिच्यात आयएस नाही.

लांब लेन्स घ्यायला आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यांत मोठं वाटतं. छोटी लेन्स असली की पाय पुढे पडतात. बांधावरून उतरून, धान तुडवत माणूस घरट्याकडे जातो. जोडी उठते, अंडी उघडी पडतात, वर कावळे असतातच. पैसे साठले नसतील तर सारसाचा फोटो पुढच्या वर्षी काढा. जेवढी जोडपी उरलीत तेवढ्यांत एकाचंही घरटं आपल्या फोटोपायी मोडलेलं परवडणारं नाही.

चहाचा दुसरा ग्लास संपेपर्यंत कागदावर हिशोब झाला. जुनी बॉडी, एक उघडी काच, एक साधा फ्लॅश, दोन बॅटऱ्या, एक डबा. पंचवीस-सव्वीस हजारांत बसतं. उरलेले आठ क्विंटल धान घरात. हप्त्याची गरज नाही. पोरगा कागद घडी करून घेऊन गेला. चेहरा थोडा पडलेलाच होता. नव्या खोक्याची हौस मलाही ठाऊक आहे.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. गोंदियात कुणाच्या तरी घरी बसून तो जुना कॅमेरा बघत होता. आवाज दबका, बहुतेक विकणारा समोरच असावा.

"काकाजी, बीचमंदी पिन हाय जी."

म्हटलं, आता टॉर्च मार.