लेगॅटो बरा आहे, पण…

लंडनचा बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा वन बीएचकेत मावतो का? मावतो. विचुंब्यात आमच्या वरच्या मजल्यावर मावलेला आहे. नव्व्याण्णव वादक, त्यांची वाद्यं, मेडा व्हेल स्टुडिओची हवा आणि ती टिपणारे ढीगभर माइक, असा सगळा लवाजमा देवघराशेजारच्या खणात एका चपट्या डबीत राहतो. अर्ध्या टेराबाइटहून थोडी जास्त जागा घेतो, चहा मागत नाही. स्पिटफायर नावाच्या कंपनीने २०१९ साली तो बाजारात आणला. त्याच वाद्यवृंदाची दोनशे एमबीची एक धाकटी आवृत्तीही आहे, पण तिचं नाव काढलं की आमचे संगीतकार कुणीतरी लग्नात प्लास्टिकचा हार घातल्यासारखे बघतात.

दारावरच्या पाटीवर आडनावाखाली ‘संगीतकार’ असं कोरलेलं आहे. दिवसा ते ऐरोलीच्या एका कंपनीत हिशेब तपासतात. पनवेल-ठाणे लोकलमध्ये कानाला मोठे हेडफोन लावून डोळे मिटून बसतात, तेव्हा समोरच्याला वाटतं, चाल सुचतेय. ते डेमो ऐकत असतात. त्यांनी पूर्ण केलेलं गाणं बिल्डिंगमध्ये अजून कुणी ऐकलेलं नाही. त्यांनी निवडायला घेतलेली व्हायोलिनं मात्र सगळ्यांना पाठ आहेत. रात्री साडेदहाला वरून एकच ‘सा’ येतो. मग तोच ‘सा’ जरा गडद. मग तोच, पण लांबून. आमच्याकडची आजी म्हणते, “आज जर्मन वाटतोय.”

हा काही एकटा माणूस नाही. खारघर, डोंबिवली, चिंचवड, जिथे ईएमआय आणि हार्मोनियमच्या चार परीक्षा एका घरात नांदतात तिथे तो सापडतो. साउंड लायब्ररी म्हणजे खऱ्या वादकाकडून एकेक सूर हळू, मध्यम, जोरात, ओढून, तोडून वाजवून घेऊन साठवलेलं भांडार. संगणकाला जोडलेल्या कीबोर्डची पट्टी दाबली की तो सूर बाहेर पडतो. कुठलं भांडार घ्यायचं हा प्रश्न एका संध्याकाळचा. आमच्या संगीतकारांनी त्याचं आयुष्य केलं.

व्हायोलिनांच्या बाबतीत ते मुलीच्या बापाहून चोखंदळ आहेत. “लेगॅटो बरा आहे, पण स्पिकाटोत दम नाही.” लेगॅटो म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, चांगल्या लायब्ररीत दोन सुरांमधली ही वाटसुद्धा वेगळी ध्वनिमुद्रित केलेली असते. स्पिकाटो म्हणजे गज उडवत सूर तोडून वाजवणं. “राउंड रॉबिन किती आहेत?” हा दुसरा प्रश्न. तोच सूर लागोपाठ वाजवला की दर वेळी तंतोतंत तसाच निघतो आणि मशीनगन चालल्यासारखा वाटतो, म्हणून एकेक सूर अनेकदा वाजवून घेतात आणि संगणक आळीपाळीने ते पुढे करतो. संगीतकार दोन राउंड रॉबिनवाल्यांना दारातूनच परत पाठवतात.

खरा घोळ खोलीचा. व्हिएन्नाच्या लायब्ररीची कल्पना तिथल्या फिलहार्मोनिकमधल्या एका चेलोवादकाची. त्यांनी सुरुवातीला मुद्दाम निःशब्द, कोरड्या खोलीत सूर घेतले, म्हणजे घुमारा हवा तितका नंतर घालता यावा. लंडनच्या मंडळींनी उलट केलं. हॅम्पस्टेडच्या जुन्या चर्चमध्ये जो स्टुडिओ आहे, तिथे भिंतींच्या घुमाऱ्यासकट वाजवून घेतलं. पहिली कोरडी, दुसरी ओली. व्हायोलिनं चर्चमधली आणि चेलो कोरड्या खोलीतले घेतले तर एकाच गाण्यात दोन घरं ऐकू येतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. हे त्यांनी मला जुलैत समजावलं, त्यांच्या छताला पनवेलच्या पावसाने नकाशा काढलेला असताना. “मी ओलीच घेणार,” ते वर न बघता म्हणाले.

ब्रास निवडताना मात्र बुद्धीपेक्षा भक्ती कामाला आली. ‘सैराट’च्या वेळी, २०१६ साली, अजय-अतुल यांनी कॅलिफोर्नियातल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर खरा वाद्यवृंद वाजवून घेतला. सिनेब्रास नावाच्या लायब्ररीतली तुताऱ्या-ट्रॉम्बोनही त्याच स्टेजवर ध्वनिमुद्रित झाली आहेत, हे आमच्या संगीतकारांना कळलं आणि त्या रात्री कार्ड निघालं. “भिंती त्याच,” ते म्हणाले. चाल कुणाची हा मुद्दा त्यांना गौण वाटला.

कार्ड काढण्याला तिथी असते. त्यांच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार वहिनींचे आणि नोव्हेंबरअखेरचा शुक्रवार यांचा. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग उरकलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या कंपन्या भाव पाडतात. त्या रात्री ते जागरण करतात. वहिनी एकदाच म्हणाल्या होत्या, “अहो, मागच्या वर्षीचे चेलो अजून उघडलेले नाहीत.” ते म्हणाले, “ते इंट्रो प्राइसला होते.” आमच्या जिन्यात या वाक्याचा आता खुलासा म्हणून सर्रास वापर होतो, एका बिऱ्हाडात तर एअर फ्रायरसुद्धा इंट्रो प्राइसला आलेला आहे.

थट्टा करतो, पण एका गोष्टीने मी चरकतो. महागड्या लायब्रऱ्यांत आता वादकाचा श्वास, गजाचं खरखरणं, सूर संपल्यावर खुर्चीची करकर हेसुद्धा जपून ठेवलेलं असतं. ते नसेल तर म्हणे खोटं वाटतं. मुंबईच्या स्टुडिओंत एके काळी गाण्याला व्हायोलिनांच्या रांगा बसत, आणि वादकांत गोव्याची माणसं पुष्कळ. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात आपल्या रागांवर बेतलेली रचना भल्या थोरल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली होती. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. पुढे कीबोर्ड आला आणि नव्वदच्या दशकात त्या रांगा उठल्या. ज्या खुर्च्या आपण फुकट रिकाम्या केल्या, त्यांची करकर आता डॉलर मोजून घरी येते. संगीतकारांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “करकर बंद करायला बटण आहे.”

त्यांना एकदा काम मिळालं होतं. नवीन पनवेलच्या एका बिल्डरला तीस सेकंदांची जाहिरात हवी होती. टू बीएचके, पोडियम गार्डन, विमानतळापासून जवळ. संगीतकारांनी सुरुवातीलाच ठरवलं की जपानी तायको ढोल, आर्मेनियन दुदुक आणि मागे बायकांचा कोरस. जगभरच्या वाद्यांची लायब्ररी त्यांनी त्यासाठीच घेतली. मध्ये बासरीही हवी होती, तिथे गाडी अडली. आपली बासरी सुरावर कमी आणि सुरांच्या मध्ये जास्त राहते. पट्टी दाबून मींड निघत नाही. म्हणून कंपन्या बासरीच्या आयत्या ओळीच भरून देतात, आणि मग तीच ओळ साबणाच्या, सिमेंटच्या आणि योगासनांच्या जाहिरातीत भेटते. संगीतकारांनी कीबोर्डवरचं चाक फिरवून मींड आणायचा प्रयत्न केला. त्यांची बासरी खाली पडत असल्यासारखी वाटू लागली. त्यांनी दुसरी बासरी बघायला घेतली. मधल्या काळात प्रकल्पाला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आणि लोक राहायलाही आले.

मेमध्ये मागच्या आळीत हळद होती. विचुंबे अजून अर्धं गाव आहे. टॉवरच्या पार्किंगला लागून मांडव पडतो आणि बेंजो पार्टी येते. ऑक्टापॅडवाला पोरगा पेनड्राइव्हवरून चढवलेले पॅच घेऊन उभा होता. हलगी, ढोलकी, ताशा, सगळं आठ पॅडांवर. गाणं बदललं की एक बटण, आणि बायका नाचायच्या थांबत नव्हत्या. निवडीला लागलेला वेळ: एक टाळी. आमचे संगीतकार अर्ध्या चड्डीत खाली येऊन ते एकाग्रपणे ऐकत होते. मधल्या सुट्टीत पोराने त्यांना अदबीने विचारलं, “दादा, तुमचेकरं भारीतला संबल हाय का?”

“कोणत्या रूममधला हवाय?”

“मांडवान.”

हे उत्तर त्यांच्या जिव्हारी लागलं. वर जाऊन त्यांनी सगळ्या डब्या शोधल्या. आफ्रिकेचा कोरा होता, चीनचा अर्हू होता, दिजेरीदू होतं, संबळ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच घरी गोंधळ होता. पूजा मांडायच्या आधीच संगीतकार माइक, तीन स्टँड आणि वही घेऊन गोंधळीबुवांसमोर बसले. वहीत कोष्टक होतं: हळू, मध्यम, जोरात, खूप जोरात, प्रत्येकी पाच वेळा, प्रत्येक ठोका तीन अंतरांवरून.

“बुवा, एक ठोका द्या. फक्त एक.”

बुवांनी चार दिले.

“एकच. आणि पुढे विरू द्या.”

“विरू कशाला द्यायचा? पुढचा तयार असतोय की.” त्यांनी संबळ पोटाशी सारला आणि समजूत घातल्यासारखे सहा ठोके दिले.

असं बराच वेळ चाललं. हात एका ठोक्यावर थांबतच नव्हता. मनगट पुढचं घेऊनच खाली यायचं. डोक्यावरून नव्या विमानतळाचं एक विमान गेलं आणि त्यातला एक बरा ठोका खाऊन गेलं. शेवटी संगीतकारांनी पैशाचं काढलं. एका ठोक्याचे किती? बुवांनी वहीतलं कोष्टक नीट बघितलं, घरमालकाकडे बघितलं, संबळाचा दोर आवळला.

“एक ठोका घ्या नाहीतर रात्रभर गोंधळ घ्या. सुपारी तेवढीच.”

संगीतकारांनी वही मिटली. “विचार करून सांगतो,” ते म्हणाले. आणि चार पायऱ्या चढून परत खाली आले. “नोव्हेंबरात काही कमी होतं का हो?”