गोल्फ मैदानातला पाहुणा

ऑगस्ट 2022मध्ये बेळगावच्या जाधवनगरात बिबट्या दिसला आणि अख्खं गाव रातोरात छायाचित्रकार झालं. वन खात्यानं गोल्फ मैदानाच्या झाडीत कॅमेरे बांधले, पिंजरे लावले, पार शिवमोग्ग्याकडच्या सक्रेबैलूहून दोन हत्ती मागवले. आसपासच्या शाळा बंद. पोरं बिबट्याला दुवा देत होती. मोबाइलवर रोज नवा बिबट्या यायचा. एकाच्या मागं तर चक्क बर्फ होता! मीही गच्चीवरून एक झकास फोटो मारला. मोठा करून पाहतो, तर शेजाऱ्यांचं पिवळं मांजर. तरी पाठवलाच. संध्याकाळी तोच निपाणीच्या मावसभावाकडून परत आला: "जपून राहा की रे, तुमच्याच गल्लीत आलाय!" खरा बिबट्या काही पिंजऱ्यात आला नाही. आम्ही बिबट्या म्हणत होतो, कानडी शेजारी चिरते. त्यानं दोघांनाही ओ दिली नाही.